मनगटाच्या वाटेनें हृदयाकडे

आजारी माणसाच्या उशाशीं बसलेला वैद्य प्रथम त्याचें मनगट हातीं घेतो, हें दृश्य आपल्या देशांत शेंकडों वर्षें चालत आलें आहे. शार्ङ्गधरसंहितेसारख्या जुन्या वैद्यकग्रंथांत अंगठ्याच्या मुळाशीं असलेल्या नाडीची परीक्षा कशी करावी, हें सांगितलेलें आहे. परंतु ज्या नाडीवर बोटें ठेवून वैद्यानें आजवर केवळ हृदयाची खबर घेतली, तीच नाडी आज हृदयापर्यंत उपचार नेण्याचा राजमार्ग झाली आहे, ही गोष्ट पुष्कळांस नवलाची वाटेल. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या व चाकणच्या परिसरांत असें कुटुंब विरळाच, कीं ज्याच्या घरीं अगर शेजारीं कोणाची 'अँजिओग्राफी' किंवा 'अँजिओप्लास्टी' झालेली नाहीं. हे शब्द मुलांच्या कानांवर पडतात, वडील माणसें ते दबकत उच्चारतात, आणि त्यांचा अर्थ मात्र थोड्यांसच नीट ठाऊक असतो. जें कळत नाहीं त्याची भीति वाटते, आणि भीतीमुळें माणूस रुग्णालयाची पायरी चढण्यास उशीर करतो. हृदयाच्या दुखण्यांत तर उशीर हाच मोठा शत्रु होय. सबब हा मार्ग कोणता, तो कसा सांपडला व त्यापासून लाभ काय, याचा थोडा विचार करूं.

हृदय हें मुठीएवढें स्नायूचें यंत्र आहे. मिनिटास सत्तर ठोके धरले, तरी एका अहोरात्रांत एक लक्षाहून अधिक ठोके होतात. एवढे श्रम करणाऱ्या या यंत्रास स्वतःसाठींही रक्त लागतें. कोणी म्हणेल, जें सर्वकाळ रक्तानें भरलेलें, त्यास रक्ताची काय वाण? परंतु हृदयाच्या पोकळींतून वाहणारें रक्त त्याच्या जाड भिंतीस पोसूं शकत नाहीं. पवनेच्या कांठीं घर असलें, तरी चुलीपाशीं पाणी येण्यास नळ लागतोच. तसेंच हें आहे. हृदयांतून निघणाऱ्या महाधमनीच्या अगदीं मुळाशीं दोन लहान वाहिन्या फुटतात, आणि त्या मुकुटाप्रमाणें हृदयावर पसरून त्याच्या स्नायूस रक्त पुरवितात. त्यांची रुंदी आरंभीं अवघी तीन-चार मिलिमीटर असते. या वाहिन्यांच्या आंतल्या अंगास वर्षानुवर्षें मेदाचा थर बसत जातो. तंबाखू, विडी-सिगारेट, वाढलेला रक्तदाब, मधुमेह व व्यायामाचा अभाव हीं त्याचीं मुख्य कारणें होत. एखाद्या दिवशीं या थरास तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी जमते, वाहिनी बंद होते, आणि तिच्यावर अवलंबून असलेला स्नायूचा भाग मरूं लागतो. यासच हृदयविकाराचा झटका म्हणतात.

आपल्या लोकांस हा झटका तुलनेनें लौकर गांठतो. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणींत असें आढळलें कीं, भारत व त्याच्या शेजारच्या देशांत पहिला झटका येण्याचें वय सरासरीनें ५३ वर्षें होतें, तर इतर देशांत तें जवळजवळ ५९ होतें. तात्पर्य, हा केवळ म्हातारपणाचा रोग नव्हे. ज्या वयांत मुलांचें शिक्षण पुरें व्हावयाचें असतें व घराचे हप्ते फेडावयाचे असतात, त्याच वयांत तो कर्त्या माणसाच्या छातीवर हात टाकतो.

बंद झालेली वाहिनी मोकळी करण्याचे उपाय तीन आहेत. पहिला, गुठळी विरघळविणारें औषध शिरेंतून देणें. दुसरा, छाती उघडून अडथळ्यास वळसा घालणारी नवी वाहिनी जोडणें. यास 'बायपास' म्हणतात. आणि तिसरा, शरीरांतील एखाद्या धमनींतून लांब व लवचिक नळी हृदयापर्यंत नेऊन तिच्या द्वारें अडथळा दूर करणें. हा तिसरा उपाय म्हणजे अँजिओप्लास्टी. फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमन्या सोडल्या, तर आपल्या शरीरांतील बाकीच्या सर्व धमन्या एखाद्या वृक्षाच्या फांद्यांप्रमाणें एकाच खोडापासून फुटलेल्या आहेत. म्हणून कोणत्याही फांदीवरून उलट चालत निघालें, तर खोडाच्या मुळाशीं, म्हणजे हृदयापाशीं पोंचतां येतें. प्रश्न एवढाच कीं, फांदी कोणती निवडावी?

या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्डे येथील रुग्णालयांत वेर्नर फोर्समान नांवाचा तरुण डॉक्टर काम करीत होता. जिवंत माणसाच्या हृदयांत नळी नेतां येईल, अशी त्याची खात्री होती. परंतु वरिष्ठांनीं अनुमति दिली नाहीं. तेव्हां त्यानें स्वतःच्याच डाव्या कोपराजवळची शीर उघडून तींतून पासष्ट सेंटिमीटर लांबीची नळी आंत सारली, व तशाच स्थितींत चालत क्ष-किरणांच्या खोलींत जाऊन नळीचें टोंक हृदयांत पोंचल्याचें चित्र घेतलें. त्या वेळीं त्याच्या वांट्यास बहुतेक उपेक्षाच आली. पुढें १९५६ सालीं मात्र त्यास दोघां अन्य शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें.

फोर्समाननें घेतलेली वाट शिरेची होती. पोषक वाहिन्यांपर्यंत जाण्यास धमनीची वाट हवी. १९५८ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें डॉ. मेसन सोन्स हे एका रोग्याच्या महाधमनीचें चित्र घेत असतां नळीचें टोंक अभावितपणें हृदयाच्या पोषक वाहिनींत शिरलें व रंगद्रव्य थेट तिच्यांतच गेलें. रोगी बचावला, आणि या वाहिन्यांचें स्वतंत्र चित्र घेतां येतें, हा शोध त्या अपघातानें लागला. सोन्स हे कोपराजवळची धमनी शस्त्रानें उघडून नळी घालीत. तत्पूर्वीं १९५३ सालीं स्वीडनचे स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनीं कातडी न चिरतां काम करण्याची युक्ति काढली होती. धमनींत सुई टोंचावी, सुईंतून तार सोडावी, सुई काढून घ्यावी व तारेवरून नळी सरकवावी, अशी ती साधी व चतुर युक्ति होती. जांघेंतील जाड धमनीस ती विशेष मानवली. १९६७ सालीं मेल्विन जडकिन्स यांनीं त्या वाटेसाठीं विशिष्ट वळणाच्या नळ्या प्रचारांत आणल्या, आणि हृदयाकडे जाणारी बहुतेक वाहतूक जांघेंतून होऊं लागली. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिच येथें आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं ३८ वर्षांच्या एका रोग्याची अरुंद झालेली वाहिनी नळीच्या टोंकावरचा चिमुकला फुगा फुगवून रुंद केली. जगांतील ही पहिली अँजिओप्लास्टी. आरंभीचे हे फुगे ग्रुंट्झिग यांनीं आपल्या घरच्या स्वयंपाकघरांत टेबलाशीं बसून हातानें घडविले होते, ही गोष्ट कारखान्यांच्या या मुलखांतील विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १९८६ पासून रुंद केलेली वाहिनी पुन्हां मिटूं नये म्हणून तींत धातूच्या जाळीची नळी, म्हणजे 'स्टेंट', बसवूं लागले.

जांघेची वाट प्रशस्त होती, पण तिच्यांत दोषही होते. तेथील धमनी मोठी व खोल. तिच्या शेजारींच मोठी शीर व मज्जातंतु. नळी काढल्यावर रक्त थांबविण्यासाठीं ती जागा बराच वेळ जोरानें दाबून धरावी लागे, आणि रोग्यास पाय न हालवितां कित्येक तास उताणें पडून राहावें लागे. शिवाय अशा रोग्यास गुठळी होऊं नये म्हणून रक्त पातळ ठेवणारीं औषधें दिलेलीं असतात. त्यामुळें लहानसें छिद्रही लवकर बुजत नाहीं. क्वचित् रक्त पोटाच्या मागील बाजूस आंतल्या आंत झिरपत राही व बाहेरून कांहींच दिसत नसे. हृदयाची वाट मोकळी झाली, पण दारांतच घात झाला, असे प्रसंग येत. वृद्ध, कृश व स्त्री रोग्यांस हा धोका अधिक असे.

मग मनगटाचा मार्ग आधींच कां धरला नाहीं? त्याचें कारण हत्यारांच्या जाडींत आहे. या नळ्यांची जाडी 'फ्रेंच' नांवाच्या मापानें मोजतात. पॅरिस येथील शार्रिएर नांवाच्या शस्त्रें घडविणाऱ्या कारागिराचें तें माप. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. पूर्वीं अँजिओप्लास्टीस सामान्यतः आठ फ्रेंचांची, म्हणजे जवळजवळ २.७ मिलिमीटर जाडीची नळी लागे. मनगटांतील धमनीची रुंदी बहुधा दोन ते तीन मिलिमीटरच असते. तिच्यांत एवढी नळी, व ती जिच्यांतून जावयाची ती आवरणनळी, मावावी कशी? स्वीडनमध्यें स्टिग राडनर यांनीं १९४८ सालींच मनगटाच्या धमनींतून महाधमनीपर्यंत नळी नेली होती, पण त्या वेळच्या साधनांनीं ती वाट रूढ झाली नाहीं. १९८९ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रिऑल येथील ल्युसियें कांपो यांनीं शंभर रोग्यांच्या हृदयवाहिन्यांचीं चित्रें मनगटाच्या वाटेनें घेण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. इकडे सहा फ्रेंचांच्या, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीच्या नळ्या निघाल्या, आणि १९९२ सालीं ॲम्स्टरडॅम येथें पवित्र मातेच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयांत फर्डिनांड किमेनेय यांनीं मनगटाच्या वाटेनें पहिली अँजिओप्लास्टी केली. मिलिमीटरच्या दोन-तृतीयांशाचा फरक तो काय? पण तेवढ्यानें जगांतील लक्षावधि रोग्यांची वाट बदलली. भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यांत मायक्रोमीटर हातीं धरणाऱ्या कामगारास या फरकाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

आतां प्रत्येकानें आपल्या उजव्या हाताचा तळवा वर करावा, आणि अंगठ्याच्या मुळाखालीं मनगटावर डाव्या हाताचीं दोन बोटें हलकेच ठेवावींत. जी धडधड लागते, तीच ती धमनी. ती कातडीच्या अगदीं जवळ असून तिच्याखालीं लगेच हाड आहे. म्हणून ती बोटानें किंवा पट्ट्यानें सहज दाबतां येते. पाट्यावर वरवंटा टेकावा तसा दाब नेमका बसतो, आणि रक्त थांबतें. तेथें रक्त आलेंच तर तें चटकन डोळ्यांस दिसतें. तिला खेटून मोठी शीर किंवा मोठा मज्जातंतु नाहीं. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, हातास रक्त पुरविणारी ती एकटी नव्हे. करंगळीच्या बाजूनें दुसरी एक धमनी येते, आणि तळहातांत या दोघी कमानीनें एकमेकींस मिळतात. एकीची वाट अडली, तर दुसरी हाताचें पोषण सांभाळते. ज्या जागीं धोका पत्करावयाचा, तेथेंच सृष्टिकर्त्यानें आधीं जोडीदार नेमून ठेवावा, हें पाहून विचारी मनुष्याचें मन नम्र झाल्यावांचून राहत नाहीं.

या जोडीची परीक्षा करण्याची एक सोपी रीत आहे. अमेरिकन वैद्य एडगर ॲलन यांनीं तिचें मूळ रूप १९२९ सालीं, म्हणजे फोर्समानच्या प्रयोगाच्याच वर्षीं, सांगितलें. मूठ घट्ट आवळावी. दुसऱ्यानें मनगटावरच्या दोन्ही धमन्या अंगठ्यांनीं दाबून धराव्या. मग मूठ उघडावी, म्हणजे तळवा पांढुरका दिसतो. आतां करंगळीकडील दाब सोडला, कीं कांहीं क्षणांत तळव्यावर पुन्हां लाली येते. ती आली म्हणजे करंगळीकडील धमनी आपलें काम करीत आहे, असें समजावें. केवळ या परीक्षेवर आज सर्व डॉक्टर विसंबत नाहींत. परंतु शरीराची रचना समजून घेण्यास ती उत्तम आहे, व शाळेच्या वर्गांतही ती करून पाहतां येते.

प्रत्यक्ष उपचार कसा होतो, तें आतां पाहूं. रोग्यास क्ष-किरण यंत्राच्या टेबलावर निजवितात व हात बाजूच्या फळीवर ठेवतात. मनगट जंतुनाशकानें स्वच्छ करून तेवढीच जागा औषधानें बधिर करतात. रोगी सामान्यतः जागा असतो व डॉक्टरांशीं बोलूंही शकतो. मग सेल्डिंगरच्या युक्तीनें बारीक सुई, तिच्यांतून तार, व तारेवरून एक आखूड आवरणनळी धमनींत बसवितात. ही नळी म्हणजे जणूं दाराची चौकट. पुढील सर्व हत्यारें तिच्यांतून ये-जा करतात, त्यामुळें धमनी पुन्हां पुन्हां दुखावत नाहीं. मनगटाची धमनी मोठी लाजाळू असते. स्पर्श होतांच ती आकसते. म्हणून तिला सैल ठेवणारें औषध देतात, व गुठळी होऊं नये म्हणून 'हेपॅरिन' देतात. यानंतर लांब नळी कोपर, दंड व खांदा यांवरून महाधमनींत उतरते व पोषक वाहिनीच्या तोंडाशीं टेकते. रंगद्रव्य सोडतांच पडद्यावर वाहिनीचें चित्र उमटतें. पावसाळ्यांत डोंगराच्या उतारावरचे ओहोळ दुरून जसे चमकतात, तशा तिच्या शाखा दिसूं लागतात, आणि जेथें धार एकाएकीं बारीक होते किंवा तुटते, तेथें रोग आहे असें कळतें. एथवरच्या तपासणीस अँजिओग्राफी म्हणतात. पुढें गरज असल्यास केसासारखी बारीक तार अडथळ्यापलीकडे नेऊन तिच्यावरून फुगा सरकवितात, तो फुगवून वाट रुंद करतात व तेथें स्टेंट बसवितात. पुष्कळ स्टेंट कोबाल्ट व क्रोमियम या धातूंच्या मिश्रणाच्या नळीवर लेसर किरणानें जाळी कापून केलेले असतात.

काम झाल्यावर आवरणनळी लगेच काढून घेतात व मनगटावर हवा भरलेला एक पारदर्शक पट्टा बांधतात. रक्त थांबावें, पण धमनींतील प्रवाह अगदींच बंद पडूं नये, एवढाच दाब ठेवावयाचा असतो. पुढील कांहीं तासांत ही हवा थोडी थोडी सोडून पट्टा काढतात. रोगी उठून बसतो, दुसऱ्या हातानें जेवतो, व प्रकृति ठीक असल्यास स्वतःच्या पायांनीं चालत शौचास जातो. ज्यानें जांघेच्या वाटेनें उपचार करून घेऊन रात्रभर उताणें पडून काढलें असेल, त्यासच या सुखाची खरी किंमत कळेल.

तथापि शास्त्रांत केवळ सोय पाहून भागत नाहीं, पुरावा पाहिजे. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ३२ देशांतील ७,०२१ रोगी होते. कांहींवर मनगटाच्या व कांहींवर जांघेच्या वाटेनें उपचार झाले. वाटेवरच्या रक्तवाहिनीस गंभीर इजा होण्याचें प्रमाण जांघेच्या वाटेंत शेंकडा ३.७ होतें, तें मनगटाच्या वाटेंत १.४ आढळलें. २०१५ सालच्या दुसऱ्या पाहणींत युरोपांतील चार देशांचे ८,४०४ रोगी होते. तींत मृत्यूचें प्रमाण जांघेच्या वाटेंत शेंकडा २.२, व मनगटाच्या वाटेंत १.६ असें निघालें. हे आंकडे वरवर लहान दिसतात. परंतु दर हजार रोग्यांमागें सहा माणसें अधिक घरीं परततात, असा त्यांचा अर्थ आहे. आणि त्या सहांतील प्रत्येकजण कोणाचा तरी बाप, आई किंवा भाऊ असतो. २०२१ सालच्या अमेरिकन मार्गदर्शक नियमांनींही शक्य तेथें मनगटाची वाट प्रथम निवडावी असें सांगितलें. आपल्या देशांत या पद्धतीचा प्रसार करण्यांत व इतर डॉक्टरांस ती शिकविण्यांत अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल यांचें कार्य मोठें आहे. भारत सरकारनें त्यांस २०१५ सालीं पद्मश्री व २०२४ सालीं पद्मभूषण देऊन गौरविलें.

मात्र ही वाट सर्वांसाठीं व सर्वकाळ असते, असें कोणीं समजूं नये. कित्येकांची धमनी फारच बारीक किंवा वांकडीतिकडी असते. वृद्धांच्या छातींतील वाहिन्यांस वळसे पडलेले असतात. कोणाची धमनी इतकी आकसते, कीं नळी पुढें सरकत नाहीं. मूत्रपिंडाच्या विकारामुळें ज्यांच्या हातावर डायलिसिसची सोय केलेली असते, त्यांचा तो हात राखून ठेवावा लागतो. कांहीं कठीण कामांस जाड हत्यारेंच लागतात. अशा वेळीं डॉक्टर जांघेची वाट घेतात. त्यावरून त्यांस नवी विद्या येत नाहीं, असा तर्क करणें अन्यायाचें होईल. तसेंच उपचारानंतर थोड्या रोग्यांची मनगटांतील धमनी बंद पडते. तळहातांतील दुसऱ्या धमनीमुळें बहुधा त्यांस तें जाणवतही नाहीं. हें टाळावें म्हणूनच पट्ट्याचा दाब इतक्या काळजीनें ठेवतात. किमेनेय यांनींच २०१७ सालीं हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशीं पडणाऱ्या खळगींतून त्याच धमनींत शिरण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हांपासून कित्येक डॉक्टर ती वाटही वापरूं लागले आहेत.

हें झालें शास्त्र. आतां आपल्या गांवाकडे वळूं. १९५४ सालीं पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हांपासून वैद्यकाशीं या भूमीचा संबंध आहे. अलीकडच्या काळांत चाकण येथील फिलिप्स कंपनीच्या कारखान्यांत हृदयवाहिन्या पाहण्याचीं क्ष-किरण यंत्रें तयार होत आलीं आहेत. म्हणजे ज्या पडद्यावर डॉक्टरांस हृदयाची वाट दिसते, तो पडदा जोडणारे हात आपल्यांपैकींच कोणाच्या वडिलांचे किंवा भावाचे असूं शकतील. चिंचवडचें आदित्य बिर्ला रुग्णालय, पिंपरीचें डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, अशीं हृदयोपचाराचीं मोठीं स्थानें जवळ आहेत. स्टेंटच्या किंमतीसही आळा बसला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्यें केंद्र सरकारच्या प्राधिकरणानें औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली, व पुढें वेळोवेळीं ती सुधारली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत नेमलेल्या रुग्णालयांतून अँजिओप्लास्टीचा समावेश आहे, आणि कामगार राज्य विम्याखालीं येणाऱ्या कामगारांसही उपचाराचा हक्क आहे. हीं कागदपत्रें घरांत कोठें ठेवलीं आहेत, हें आजारपण येण्यापूर्वींच ठाऊक असावें.

एवढी सिद्धता असून माणसें दगावतात, त्याचें एक मोठें कारण विलंब होय. वाहिनी पुरती बंद झाली असल्यास रोगी रुग्णालयांत पोंचल्यापासून नव्वद मिनिटांच्या आंत ती मोकळी व्हावी, असा दंडक आहे. कारण दर मिनिटास स्नायु मरत असतो, आणि मेलेला स्नायु पुन्हां जिवंत होत नाहीं. परंतु रोगी रुग्णालयापर्यंत पोंचण्यासच आपण किती वेळ घेतों! छातींत दाब येतो, दुखणें डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जातें, दरदरून घाम सुटतो, आणि घरांतील मंडळी म्हणतात, "पित्त झालें असेल, सोडा घ्या व पडून राहा." रात्रपाळी करून आलेला कामगार दुखणें अंगावर काढतो, कारण उद्यांचा खाडा त्यास परवडत नाहीं. स्त्रियांपैकीं व मधुमेह असलेल्यांपैकीं कित्येकांस तर छातींत फारसें दुखतही नाहीं. नुसता दम लागतो, थकवा येतो किंवा मळमळतें, आणि तें कोणी मनावर घेत नाहीं. त्यांतून चाकणहून पिंपरीकडे यावयाचें, तर पाळी सुटण्याच्या वेळीं तळेगांव चौकांतील वाहनांची गर्दी सर्वांस माहीत आहेच. म्हणून असा संशय येतांच १०८ या क्रमांकावर दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलवावी. रोग्यानें स्वतः दुचाकी चालवीत जाऊं नये. जवळच्या ठिकाणीं हृदयाचा आलेख काढून घ्यावा. आणि रात्रीं-अपरात्रीं अँजिओप्लास्टी करणारें रुग्णालय आपल्या घरापासून कोणतें जवळ, याची चौकशी आजच करून ठेवावी. रुग्णालय दूर असल्यास गुठळी विरघळविणारें औषध आधीं देऊन रोग्यास पुढें पाठविण्याचा मार्गही डॉक्टरांपाशीं असतो. तो निर्णय त्यांच्यावर सोंपवावा.

उपचारानंतरची काळजीही आपल्या भागांत विशेष महत्त्वाची आहे, कारण येथें पुष्कळांचा हात हेंच त्यांचें भांडवल आहे. सुईची जखम मोहरीएवढी दिसते, म्हणून माणूस दोन दिवसांत लेथवर किंवा प्रेसवर उभा राहूं पाहतो. तसें करूं नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या हातानें जड ओझें उचलूं नये, पिळूं नये, जोरानें ढकलूं नये. जखमेंतून रक्त येऊं लागलें, तर घाबरून न जातां दुसऱ्या हाताच्या बोटांनीं ती जागा घट्ट दाबून धरावी, हात उंच ठेवावा व त्वरित रुग्णालय गांठावें. बोटें गार, पांढरीं किंवा बधिर झालीं, किंवा हात सुजून ठणकूं लागला, तर वाट पाहूं नये. आणि सर्वांत मुख्य गोष्ट ही कीं, गुठळी न होण्यासाठीं दिलेल्या गोळ्या आपल्या मनानें एक दिवसही बंद करूं नयेत. जखम भरली, बरें वाटलें, पैसे वांचले, असें म्हणून गोळ्या सोडणाऱ्याचा स्टेंट एकाएकीं बंद पडूं शकतो, व तो झटका पहिल्याहून भयंकर असतो. मनगटाची खूण पुसली, म्हणजे रोग गेला असें नाहीं. तंबाखूची पुडी, विडी व आळस यांस रजा दिल्यावांचून हा उपचार पुरा होत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, या कामीं आपण लहान आहों, असें समजून स्वस्थ बसूं नका. पुष्कळ घरांत औषधाच्या चिठ्ठीवरील नांवें वाचणारे तुम्हींच असतां, दूरध्वनि करणारे तुम्हींच असतां, आणि आजोबांस न रागावतां समजावूं शकणारेही तुम्हींच असतां. "छाती फाडतील" या धास्तीनें कोणी रुग्णालयास जाण्याचें टाळीत असेल, तर त्यास सांगा कीं, आतां बहुधा मनगटापासूनच आरंभ होतो, छेद मोहरीएवढा असतो, आणि पुष्कळजण त्याच दिवशीं उठून बसतात. हें एक वाक्य वेळेवर सांगितलें गेलें, तर कदाचित् एक घर उघड्यावर पडण्यापासून वांचेल.

लहान व दुबळी म्हणून जी धमनी इतकीं वर्षें बाजूस राहिली, तीच सर्वांत निर्धोक वाट ठरली. ती निर्धोक ठरली ती आपल्या बळावर नव्हे. तिच्याखालीं हाड आहे, तिच्यापलीकडे जोडीदार धमनी आहे, व तिच्या मापाचीं हत्यारें घडविणारे धीराचे कारागीर तिला भेटले, म्हणून. कुटुंबाचेंही तसेंच आहे. कर्त्या माणसाचें हृदय एकट्याच्या बळावर चालत नाहीं. त्यास वेळीं हांक मारणारें, हात धरून नेणारें कोणी तरी जवळ लागतें. तें काम करण्याची बुद्धि व संधि परमेश्वर तुम्हां सर्वांस देवो.